एरोकलरच्या रोलवर रंग असे का येतात, आणि उरलेले दोन रोल कसे वापरावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. परदेशातून आलेल्या मित्राने तुम्हाला कोडॅक एरोकलर फिल्मचे, म्हणजे विमानातून जमिनीचे फोटो काढण्यासाठी बनवलेल्या फिल्मचे, ३५ मिमी कॅसेटमध्ये भरलेले तीन रोल दिले. त्यातला एक तुम्ही मे महिन्यात रायगडावर वापरलात आणि लॅबमध्ये धुवायला दिलात. निगेटिव्ह नेहमीसारखी नारिंगी नाही, जवळजवळ पारदर्शक आहे. स्कॅनमध्ये चार-पाच फोटो तांबूस, बाकीचे हिरवट-निळसर, सावल्या काळ्याठिक्कर, आणि पहिल्या दोन-तीन फ्रेमवर लालसर पट्टे. तुम्ही विचारता आहात की रोल जुना निघाला का, लॅबने वाट लावली का, झाडं गुलाबी का आली नाहीत आणि उरलेल्या दोन रोलचं काय करायचं.

तुमच्या वर्णनावरून तरी मला रोल जुना वाटत नाही, आणि लॅबने धुताना काही बिघडवलं असंही वाटत नाही. निगेटिव्ह पारदर्शक असणं हीच या फिल्मची खूण आहे. खरा प्रश्न वेगळा आहे. ही फिल्म एका विशिष्ट कामासाठी घडवलेली आहे. तिला जे अपेक्षित आहे त्याच्या बरोबर उलट परिस्थिती तुम्ही तिला दिलीत, आणि पुढे लॅबच्या स्कॅनरने ती नेहमीची फिल्म आहे असं धरून रंग काढले. हे दोन मुद्दे नीट समजले की उरलेले रोल सत्कारणी लागतील.

गुलाबी झाडांचं आधी संपवतो. ती फिल्म एरोक्रोम. नावं सारखी असल्याने गोंधळ नेहमी होतो. एरोक्रोम ही इन्फ्रारेड स्लाइड फिल्म होती. हिरवी पानं इन्फ्रारेड भरपूर परावर्तित करतात, ते ही फिल्म लाल रंगात दाखवायची, म्हणून जंगलं गुलाबी-लाल दिसायची. तिचं उत्पादन बंद होऊन बरीच वर्षं झाली आणि उरलेले रोल फार महाग विकले जातात. तुमची एरोकलर ४ निगेटिव्ह फिल्म २४६० डोळ्याला दिसणारेच रंग पकडते. सांताकलर १०० या नावाने फिनलंडमधून आलेला रोल याच फिल्मचा आणि इतरही काही जण ती आपापल्या नावाने भरून विकतात. कॅसेटवरचं नाव काही का असेना, निगेटिव्ह पारदर्शक आणि पट्टी हाताने फाटत नाही अशी असेल, तर तिला हेच सगळं लागू पडतं.

आता मूळ मुद्दा. तीन-चार हजार मीटरवरून खाली पाहिलं तर मधली हवा सगळं धुरकट करून टाकते. धूळ, बाष्प आणि हवेच्या रेणूंमुळे विखुरलेला निळा प्रकाश सावल्यांवर पसरतो, त्यामुळे वरून कुठलीच सावली खरी काळी दिसत नाही आणि पांढरंही मळकट होतं. म्हणजे फिल्मपर्यंत पोचणारं दृश्य मुळातच फिकट, कमी कॉन्ट्रास्टचं असतं. नकाशा करणाऱ्याला तर त्यातून शेताचा बांध, रस्ता, घराची कड ओळखायची असते. म्हणून हवाई फिल्म मुद्दाम जास्त कॉन्ट्रास्टची बनवतात. हवेने जे खाल्लं ते ती परत मिळवून देते.

आता हीच फिल्म मे महिन्यातल्या दुपारी रायगडावर लावली तर काय होईल? डोक्यावर ऊन, पांढरं पडलेलं आकाश, जवळच बेसाल्टचा काळा कातळ आणि दरवाज्याखालची गडद सावली. इथे धुरकटपणा नाहीच, कॉन्ट्रास्ट आधीच टोकाचा. त्यावर फिल्मने आपला वाढवला. सावल्यांमध्ये काही उरलं नाही याचं कारण एवढंच. पोर्ट्राने, म्हणजे कोडॅकच्या नेहमीच्या रंगीत निगेटिव्ह फिल्मने, अशा उन्हात तुम्हाला सांभाळून घेतलं असतं, कारण ती माणसांचे चेहरे आणि लग्नाचे हॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली आहे, तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त प्रकाश गेला तरी ती कुरकुरत नाही. एरोकलरकडून तेवढी सवलत मिळत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला कॅमेऱ्याबद्दल किंवा केमिकलबद्दल नाही, उजेडाबद्दल आहे. ही फिल्म मंद, सपाट उजेडात वापरा. महाराष्ट्रात तिच्यासाठी वर्षातले सगळ्यात चांगले महिने म्हणजे पावसाळ्याचे. माळशेज घाटात ढग खाली उतरलेत, समोरची सोंड अर्धी दिसतेय, दिसतेय ती राखाडी-हिरवी, अशा वेळी नेहमीची फिल्म आणि डिजिटल दोन्ही कंटाळवाणे, मळकट फोटो देतात. एरोकलर तिथे एकावर एक उभ्या डोंगररांगा सुट्या करून दाखवते. भातखाचरांच्या कडा, ओल्या कातळावरची चकाकी, दूरच्या कौलांचा थर, सगळं उमटतं. कोकणकड्यावर धुकं विरळ होत असतानाची पाच-दहा मिनिटं तिला अगदी मानवतात. हिवाळ्यातली पहाट चालेल. पुण्याच्या पेठांमधल्या अरुंद गल्ल्या, जिथे ऊन फक्त वरच्या मजल्यावर असतं आणि खाली एकसारखी सावली, तिथेही ती छान चालते, फक्त फ्रेममध्ये वरचा उन्हाचा पट्टा घेऊ नका. दुपारी बारा ते तीनच्या उन्हात मात्र कॅमेरा पिशवीत ठेवा. हे मी आवडीनिवडीवरून सांगत नाही, फिल्मच्या घडणीवरून सांगतो आहे.

एक्स्पोजरबद्दल. पुन्हा भरून विकणारे हिच्यावर वेग, म्हणजे आयएसओ, सहसा १०० लिहितात, कुणी १२५. इथे एक गोष्ट लक्षात असू द्या. हवाई फिल्मचा वेग मोजण्याची पद्धतच वेगळी आहे. काळ्या-पांढऱ्या हवाई फिल्मचंच उदाहरण घ्या. नेहमीच्या फिल्मचा वेग फॉगच्या, म्हणजे प्रकाश न पडताही फिल्मवर येणाऱ्या काळपटपणाच्या, वर ०.१ घनता जिथे मिळते त्या बिंदूवरून ठरतो, हवाई फिल्मचा ०.३ वरून, कारण वरून पाहताना अगदी गडद सावली दृश्यात नसतेच. त्यामुळे हवाई फिल्मच्या डब्यावरचा आकडा जमिनीवर मीटरला जसाच्या तसा लावायचा नसतो. मी मीटर ८० वर ठेवतो, सावली जास्त असेल तर ६४ वर. म्हणजे १०० च्या तुलनेत एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप जास्त प्रकाश. मोजमाप सावलीतल्या पण तपशील हव्या असलेल्या भागावरून घ्या आणि त्यातून एक ते दीड स्टॉप कमी करा. एका स्टॉपपेक्षा जास्त उदारपणा मात्र नको. ढग आणि पांढऱ्या भिंती घट्ट होऊन बसतात, मग त्यातून काही काढता येत नाही. कमी प्रकाश दिलात तर आणखी वाईट, सावल्यांमध्ये ग्रेन आणि विचित्र रंग दोन्ही वर येतात.

तुमचा कॅमेरा ऑटोमॅटिक असेल तर कॅसेटवर डीएक्स कोड आहे का ते पाहा. चंदेरी-काळ्या चौकटींची ती पट्टी नसेल तर बरेच कॅमेरे १०० धरून चालतात, पण काही २५ धरतात, म्हणजे दोन स्टॉपचा फरक. पुस्तिका चाळा, नाहीतर हाताने आयएसओ लावता येणारा कॅमेराच वापरा.

पहिल्या फ्रेमवरचे लालसर पट्टे. हे कॅमेऱ्यातून झिरपलेल्या उजेडाचे नाहीत, असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. नेहमीच्या निगेटिव्हचा पाया ट्रायॲसिटेटचा असतो. एरोकलरचा पाया पॉलिएस्टरचा आहे, कोडॅक त्याला एस्टार म्हणतं. नकाशाच्या कामात फिल्म ओलसर हवेने किंवा उष्णतेने ताणली-आकसली तर मापं चुकतात, म्हणून हा पाया. पण स्वच्छ पॉलिएस्टर प्रकाश आतल्या आत वाहून नेतं. कॅसेटच्या तोंडातून बाहेर आलेल्या टोकावर ऊन पडलं की तो प्रकाश पट्टीच्या जाडीतून आतल्या वेटोळ्यांपर्यंत पोचतो. आणि तो इमल्शनला, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या थरांना, पायाच्या बाजूने गाठतो. त्या बाजूला सगळ्यात जवळचा थर लाल प्रकाशाला संवेदनशील असतो, म्हणून धुकट पट्टे पॉझिटिव्हमध्ये, म्हणजे उलटून मिळालेल्या फोटोत, लाल-नारिंगी दिसतात. तुम्ही रोल गडावर उघड्यावर भरला असणार.

उपाय सोपा आहे. रोल घरात, पडदे ओढून भरा. बाहेर भरायची वेळ आलीच तर अंगाच्या सावलीत, जाड जॅकेटच्या आत भरा. काळी प्लॅस्टिकची डबी शेवटच्या क्षणापर्यंत उघडू नका आणि रोल संपल्यावर लगेच त्यात परत टाका. टोक आत ओढून घेतलं तर उत्तमच. पहिल्या दोन फ्रेम मोजणीत धरू नका, त्यावर काही महत्त्वाचं काढू नका.

याच पॉलिएस्टरची आणखी एक बाजू आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. ही पट्टी तुटत नाही. रोल संपला की साधी फिल्म जोर लावल्यावर छिद्रांपाशी फाटते, ही फाटणार नाही, मग जो काही तुटेल तो कॅमेऱ्याचा दात असेल. लिव्हर जड लागला की थांबा, ‘अजून एक बसेल’ म्हणून ओढू नका. मोटराइज्ड कॅमेऱ्यात मी ही फिल्म घालत नाही. जुना, हाताने पुढे सरकवायचा कॅमेरा बरा. लॅबवाल्यांनाही आधी सांगा, कारण कॅसेटमधून पट्टी सोडवायला त्यांना कात्री लागेल.

आता रंगांचं, ज्याने तुम्ही सगळ्यात जास्त वैतागला आहात. नेहमीच्या रंगीत निगेटिव्हला जो नारिंगी रंग असतो तो उगाच नसतो. निगेटिव्हमध्ये तयार होणारे रंग आदर्श नसतात. मॅजेंटाने (जांभळट गुलाबी) फक्त हिरवा प्रकाश अडवायला हवा, पण तो थोडा निळाही अडवतो. सायनने (हिरवट निळा) फक्त लाल अडवायला हवा, पण तो थोडा हिरवा आणि निळाही खातो. याचा परिणाम म्हणजे छापलेल्या फोटोत हिरवळीत निळसर झाक शिरते आणि लाल रंग धुतल्यासारखा होतो. १९४० च्या दशकात कोडॅकमध्ये यावर उत्तर निघालं, रंगीत कप्लर, म्हणजे धुताना रंग तयार करणारे पण मुळात स्वतःचाही रंग असलेले पदार्थ. जिथे मॅजेंटा किंवा सायन तयार होत नाही तिथे फिल्ममध्ये पिवळसर-तांबूस छटा शिल्लक राहते, त्यामुळे तो नको असलेला अडथळा पूर्ण निगेटिव्हभर एकसारखा होतो. आणि एकसारखी गोष्ट फिल्टर लावून काढून टाकता येते. तो नारिंगी मास्क म्हणजे ही दुरुस्ती.

एरोकलरमध्ये ती दुरुस्ती नाही. पारदर्शक निगेटिव्ह थेट पाहून, मोजून किंवा स्कॅन करून तिच्यावरून काम करणं सोपं जातं आणि नकाशाच्या कामात चेहऱ्याच्या कांतीचा प्रश्न येत नाही. आपल्याला मात्र ती उणीव रंगांत दिसते. गवतात जी निळसर झाक तुम्हाला दिसली तिचा काही भाग या फिल्मचा स्वभावच आहे. तो पूर्ण काढता येणार नाही आणि माझ्या मते काढूही नये, त्यासाठी दुसऱ्या फिल्म आहेत.

पण तुमच्या स्कॅनमध्ये फोटोगणिक रंग बदलतो आहे, काही तांबूस, काही हिरवट. हे फिल्मचं काम नाही, स्कॅनरचं आहे. लॅबचा स्कॅनर निगेटिव्ह नारिंगी आहे असं गृहीत धरून तेवढी वजाबाकी करतो. नारिंगी नसताना तीच वजाबाकी झाली की फोटो तांबूस होतो. मग ऑटो करेक्शन प्रत्येक फ्रेम वेगळी पाहून ती लाली उलट्या दिशेने ढकलतं, आणि जिथे जास्त ढकललं जातं तिथे फोटो हिरवट-निळसर. ऑपरेटरचा यात दोष नाही, त्याच्यासमोर दिवसभर नारिंगीच निगेटिव्ह येतात. त्याला आधी सांगितलं असतं तर कदाचित त्याने ऑटो बंद करून पाहिलं असतं.

आनंदाची गोष्ट अशी की निगेटिव्ह तुमच्या हातात आहे, त्यामुळे रायगडाचे फोटो पुन्हा स्कॅन करता येतील. मी काय करतो ते सांगतो. एकसारखा, चांगल्या प्रतीचा पांढरा एलईडी पॅनेल, वर निगेटिव्ह, डिजिटल कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स, एफ ८, रॉ फाइल. पॅनेलचं एक्स्पोजर सगळ्या रोलभर एकच ठेवायचं, ऑटो काहीही नाही. नंतर दोन फ्रेममधल्या रिकाम्या पट्टीवर व्हाइट बॅलन्स घ्यायचा. नारिंगी निगेटिव्हमध्ये निळा चॅनेल इतका दबलेला असतो की त्याला खूप ओढावं लागतं आणि त्याबरोबर नॉइज येतो. इथे ती अडचणच नाही, तिन्ही चॅनेल सुरुवातीपासून बरोबरीने भरलेले असतात. त्या बाबतीत ही फिल्म स्कॅन करायला इतर निगेटिव्हपेक्षा सोपी आहे.

मग प्रतिमा उलटायची आणि लेव्हल्समध्ये लाल, हिरवा, निळा प्रत्येक चॅनेल वेगळा घेऊन काळं आणि पांढरं टोक बसवायचं. एवढ्याने ऐंशी टक्के काम होतं. उरतो तो सावल्या आणि उजळ भाग यांचा आपसातला झगडा: सावल्या निळसर आणि ढग पिवळसर, असं काहीतरी. एका सरकपट्टीने हे सुटत नाही, एक सुधारलं की दुसरं बिघडतं. निळ्या चॅनेलच्या कर्व्हला खालच्या टोकाशी थोडं दाबा, वरच्या टोकाशी थोडं उचला. कातळ किंवा सिमेंटचा रस्ता असा एखादा करडा भाग समोर ठेवून करा, आकाशावरून करू नका. एका फोटोवर मनासारखं जमलं की तीच सेटिंग त्या उजेडातल्या सगळ्या फ्रेमना लावा. प्रत्येक फोटो वेगळा दुरुस्त करत बसलात तर रोलमधली एकसंधता जाते, आणि या फिल्मवर काम करायचं ते त्या एकसंध, थोड्या परक्या रंगांसाठी.

घरी सोय नसेल तर लॅबला सांगा की मला पॉझिटिव्ह म्हणून, म्हणजे स्लाइडसारखं, ऑटो करेक्शन न करता १६ बिट टिफ स्कॅन हवं. ते तुम्हाला निगेटिव्हच दिसेल, उलटण्याचं काम तुम्ही करा. फ्लॅटबेड स्कॅनर असेल तरी हेच. फक्त पॉलिएस्टर काचेवर सपाट टेकलं की न्यूटन रिंग्ज, म्हणजे इंद्रधनुषी वर्तुळं, उमटतात, आणि स्थिर विजेने धूळही फार ओढून घेतं. होल्डरमध्ये काचेपासून वर ठेवा आणि मऊ ब्रश हाताशी असू द्या.

कुणी डार्करूममध्ये आरए-४ कागदावर, म्हणजे रंगीत निगेटिव्ह छापायच्या कागदावर, छापणार असेल तर त्याच्यासाठी एक युक्ती. कागद नारिंगी मास्क गृहीत धरूनच बनवलेला असतो, त्यामुळे एन्लार्जरचे पिवळे आणि मॅजेंटा फिल्टर शेवटापर्यंत फिरवूनही ते अपुरे पडतात. धुतलेल्या साध्या १२० रोलचा (३५ मिमीपेक्षा रुंद फिल्मचा) शेवटचा, फोटो नसलेला नारिंगी तुकडा कापा आणि फिल्टर ड्रॉवरमध्ये ठेवा. हरवलेला मास्क तुम्ही बाहेरून पुरवला. ३५ मिमीचा तुकडा अरुंद पडतो म्हणून १२० चा. दुरुस्ती सगळीकडे एकसारखीच होते, कप्लरइतकी अचूक नाही, पण फिल्टर आवाक्यात येतात.

धुण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रंगीत निगेटिव्हची नेहमीची प्रक्रिया, साधं सी-४१, ३७.८ अंशांना डेव्हलपर सव्वातीन मिनिटं. मागे सिनेमाच्या बऱ्याच फिल्मना असायचा तसा काजळीचा थर नाही, त्यामुळे लॅबचं मशीन खराब होईल ही भीती नको. स्लाइडच्या ई-६ प्रक्रियेत टाकून थेट पॉझिटिव्हही काढता येतं, कारण पाया पारदर्शक आहे. पण रंग आणि वेग दोन्ही बदलतात, त्याचा अंदाज तुमच्या लॅबच्या रसायनांवर अवलंबून. हातात दोनच रोल असताना मी तो प्रयोग करणार नाही.

लग्न, बारसं, परदेशातला एकमेव प्रवास, असं पुन्हा न घडणारं काही असेल तर हा रोल लावू नका. साठवण म्हणाल तर फ्रिजमध्ये हवाबंद डबीत, आणि वापरण्याआधी दोन-तीन तास बाहेर, डबी न उघडता. पावसाळ्यात थंड फिल्मवर लगेच दव धरतं. विमानाने नेणार असाल तर हातातल्या बॅगेतच, आणि नवा सीटी स्कॅनर असेल तिथे हाताने तपासायची विनंती करा.

उरलेल्या दोनपैकी एक रोल मी तुमच्या जागी चाचणीसाठी खर्ची घालेन. पहिल्या जोराच्या पावसानंतर घाटात जा, एकाच दृश्याच्या १००, ८०, ६४ आणि ५० अशा फ्रेम घ्या, वहीत क्रम लिहा, मग तेच दृश्य ढग निवळल्यावर. धुतलेली पट्टी स्कॅनला देण्याआधी पांढऱ्या मोबाइल स्क्रीनवर धरून तिचा फोटो इथे टाका, कडेची रिकामी पट्टी दिसेल असा. ती कड पाहून मला सांगता येईल की धुलाई नीट झाली आहे का, आणि मग दुसऱ्या रोलसाठी मीटर कुठे ठेवायचा ते आपण तुमच्याच फ्रेमवरून ठरवू.